एक कोटी होकार

भाजीवाल्यानं "धनिया डाल दूँ जी?" असं विचारलं आणि चंद्रकांतनं सवयीनं मान हलवली, एवढंच झालं. चंदीगडच्या बावीस सेक्टरच्या बाजारात शनिवारी सकाळी ही मान तो गेली चोवीस वर्षं हलवत आला होता; फुकटच्या कोथिंबिरीला नाही म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचाय. पण त्या दिवशी मान खाली गेली आणि तिच्या मुळापासून निघालेली एक सणक खांद्यावरून, दंडावरून, थेट डाव्या अंगठ्यात जाऊन थांबली. पिशवी सुटली. चार-पाच टोमॅटो दुकानांपुढच्या व्हरांड्यातून घरंगळत गेले आणि भाजीवाला "ओ जी, संभलके" म्हणत त्यांच्यामागे धावला. चंद्रकांत मात्र मान खाली घालून तसाच उभा राहिला, कारण वर बघायची त्याला भीती वाटत होती. खाली त्याला आपले बूट दिसत होते, फरशीवर पडलेलं नोव्हेंबरचं पातळ ऊन दिसत होतं, मेथीची एक तुटकी काडी दिसत होती. आपण कुणालातरी वाकून नमस्कार करतोय आणि तो माणूस केव्हाच निघून गेलाय, असं त्याला वाटलं.

गंमत म्हणजे मान हाच त्याचा पोटापाण्याचा उद्योग होता. इंडस्ट्रियल एरियातल्या एका लहानशा खाजगी प्रयोगशाळेत तो यंत्र सांभाळत असे, आणि ते यंत्र दिवसरात्र मान हलवत असे. दोन मणक्यांच्या मधली झिजलेली गादी काढून तिथं बसवायची कृत्रिम चकती, रुपयाच्या नाण्याएवढी, वर-खाली धातू आणि मधे प्लॅस्टिकचा गोल उंचवटा. अशा सहा चकत्या सहा खणांत बसवायच्या आणि पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे वाकवत राहायचं. एक कोटी वेळा. एक कोटी वेळा मान हलवूनही जी झिजली नाही ती माणसाच्या मानेत जायला लायक. खणांत कोमट पिवळसर पाणी असे, वासराच्या रक्तापासून काढलेलं, कारण माणसाच्या अंगातल्या ओलाव्याच्या जवळ जाणारं तेवढंच मिळतं. दर दहा लाखांनी यंत्र थांबवायचं, चकत्या धुवायच्या, वाळवायच्या, वजन करायचं. जेवढं वजन घटलं तेवढी झीज. पूर्वी असं काम वर्षाकाठी एखादं यायचं. आता कंपन्यांची रांग लागली होती. मान सांधून ताठ करून घ्यायला कुणी तयार नव्हतं, सगळ्यांना हलणारी हवी होती. चौतीस सेक्टरच्या क्लासमधली पोरं आणि मोहालीत कॉम्प्युटरपुढं बसणारी माणसं, सगळ्यांच्या माना एकाच दिशेनं वाकलेल्या. ती दिशा चंद्रकांतला बसच्या खिडकीतून रोज दिसायची आणि त्याला वाटायचं, ही सगळी आपल्याचकडं यायची आहेत.

त्याच्या स्वतःच्या मानेबद्दल घरात जुनीच थट्टा होती. तासगावकडून लग्न होऊन आलेली विमल, त्याची बायको, त्याला पहिल्या वर्षापासून नंदीबैल म्हणत आली होती. घरमालकानं विचारलं, हलवली मान. साहेबांनी सुट्टी कापली, हलवली मान. चंदीगडला बदली घेतोस का, असं जुन्या मालकानं विचारलं तेव्हाही तोंडानं तो काहीच बोलला नव्हता. सामान बांधायच्या दिवशी विमलला कळलं की आपण चाललोय. कॉलेजात जाणारी अबोली, त्यांची मुलगी, मराठी सगळं समजायची पण उत्तर हिंदीतच द्यायची. "पापा, हाँ बोलो या ना बोलो," ती म्हणायची, "ये गर्दन मत हिलाओ." त्यावरही तो मान हलवायचा, आणि मायलेकी हसायच्या. वाईट माणूस नव्हता तो. समोरच्याचा चेहरा उतरलेला त्याला बघवत नसे, एवढाच त्याचा दोष.

फोटो काढून झाले, तपासण्या झाल्या, आणि दोन आठवड्यांनी एका शनिवारी तो डॉक्टर शिशिर यांच्यापुढं बसला. डॉक्टर नागपूरकडचे, मराठी ऐकून खूश झाले. पाचव्या आणि सहाव्या मणक्यामधली गादी पार फाटलीय आणि अंगठ्याच्या नसेवर टेकलीय, असं त्यांनी पडद्यावर दाखवलं. मग दोन रस्ते सांगितले. दोन्ही मणके सांधून एक करायचे; दुखणं थांबतं, तेवढी मान अडकते आणि भार शेजारच्या मणक्यांवर जातो. नाहीतर मधे हलणारी चकती. आणि बोलता बोलता त्यांनी टेबलाच्या खणातून एक नमुना काढून त्याच्या तळहातावर ठेवला. चंद्रकांतनं ती चकती उलटून तिची कड बघितली. कडेची ती बारीक दातेरी नक्षी त्यानं अंधारातसुद्धा ओळखली असती. चार महिने त्यानं ती धुतली होती, वाळवली होती, आपल्या मुलीला न्हाऊ घातलं नसेल इतक्या काळजीनं. डॉक्टर म्हणत होते की ह्या कंपनीची चाचणी तुमच्याच प्रयोगशाळेत झाली ना, सोमवारी अहवाल येतोय, तो आला की पहिल्या दहा जणांना बसवायचीय आणि त्यांत तुमचं नाव घालतो. मानेनं होकार दिला. सणक अंगठ्यापर्यंत गेली आणि परत आली.

बाहेर बाकावर तिशीतला एक सरदार बसला होता, गळ्याला पट्टा, पगडीचा रंग मोरपंखी. हरमीत त्याचं नाव. मोहालीत कुठल्याशा कंपनीत कोड लिहायचा. पट्ट्यामुळं त्याला मान वळवता येत नव्हती म्हणून तो आख्खा वळून बसला आणि बोलत सुटला. गेले सहा महिने पगडी बांधायला धाकटा भाऊ लागतो, म्हणाला. आरशात मान तिरकी करून शेवटचा पदर खोचायचा असतो, तेवढंच जमत नाही. फेब्रुवारीत लग्न आहे. त्या दिवशी स्वतःच्या हातानं बांधायची आहे. पहिल्या दहांत त्याचंही नाव होतं. चंद्रकांत कुठं काम करतो ते कळल्यावर त्याचे डोळे एवढे उजळले की चंद्रकांतला आपल्या हातातली फाईल कुठं ठेवावी कळेना. त्यानं चंद्रकांतचा नंबर घेतला, आपला दिला. मग आवाज खाली आणून विचारलं, "अंकल जी, आपने तो देखी है. चीज़ ठीक है ना?"

चंद्रकांतनं मान हलवली.

बावीस सेक्टरपर्यंत तो चालत आला. रस्ते सरळ, झाडं ओळीत, चौक एकासारखा एक. ह्या शहरात माणूस विचारात असला तरी हरवत नाही, म्हणून विचार लांबतात. झाडांची वाळकी पानं पायाखाली करकरत होती आणि त्या करकरण्यातून हळूहळू दुसराच एक आवाज यायला लागला, गुबुगुबु, गुबुगुबु, ढोलक्याच्या कातड्यावर वाकडी काठी घासल्याचा. तो आठ वर्षांचा होता. आई मिरजेच्या दवाखान्यात होती आणि त्याला आत्याकडं ठेवलं होतं. गल्लीत नंदीबैल आला. अंगावर ठिगळाठिगळांची झूल, शिंगांना गोंडे, कपाळावर कवड्यांची पट्टी, आणि डोळे इतके ओले की नुकताच रडून आलाय असं वाटावं. बायका विचारत होत्या, पाऊस पडंल का, पोरीचं जमंल का, आणि बैल गुबुगुबुच्या तालावर मान हलवत होता. चंद्रकांत पुढं झाला. त्यानं बैलाच्या कपाळावर हात ठेवला. ऊन लागलेल्या भिंतीसारखं गरम कपाळ होतं ते. माझी आई मिरजेहून येईल का, असं त्यानं विचारलं. आवाज थांबला. नंदीवाल्यानं आत्याकडं बघितलं, आत्यानं पदर तोंडाला लावला, आणि मग काठी पुन्हा कातड्यावर फिरली. बैलानं मान हलवली, एकदा नाही, तीनदा. आत्यानं सुपातून जोंधळे घातले. पुढचे नऊ दिवस चंद्रकांत एसटीच्या थांब्यावर जाऊन बसत होता. एसटीतून आई उतरली नाही, वडील एकटेच उतरले.

त्या नंदीवाल्याचा राग त्याला कधी आला नाही, ही नवलाची गोष्ट. एवढ्याशा पोराला दुसरं काय सांगणार तो. उलट त्या तीन होकारांनी आपल्याला नऊ दिवस दिले, असंच त्याला वाटत आलं. नऊ दिवस आई येणार होती. कदाचित तेव्हापासूनच मान हलवणं म्हणजे दया, असं काहीतरी त्याच्या आत बसून गेलं असावं. पण आज वाळक्या पानांतून चालताना, पन्नाशी उलटल्यावर, पहिल्यांदाच त्याच्या लक्षात आलं की नंदीवाला दुसऱ्या दिवशी सकाळी गावातून निघून गेला होता. एसटीच्या थांब्यावरचं पोर त्याला बघावं लागलं नाही.

आणि सहा नंबर. घरी येऊन तो जेवला, दुसऱ्या दिवशी रविवारी दुपारी गच्चीत खाटेवर पडला, विमल शेजारी बसून वाटाणे सोलत होती, आणि डोळ्यांवर हात घेतला तरी सहा नंबर समोरून हलत नव्हता. चाचणी तीस लाखांवर असतानाच सहाव्या खणातली चकती इतरांच्या तिप्पट झिजली होती. पाच जणी शहाण्यासारख्या आणि ही एकच अशी, तेव्हा खणातच काहीतरी बिघाड असणार, असं सगळ्यांनी धरलं. यंत्राचे खण कधीमधी दगा देतात, त्यात नवल नव्हतं. पण चंद्रकांत प्रयोगशाळेत येण्याआधी सांगलीच्या एका मोटर दुरुस्तीच्या दुकानात शिकलेला होता आणि तिथल्या उस्तादानं त्याला एकच विद्या दिली होती: दोष कुठं आहे कळत नसेल तर जागा बदलून बघ. कुणी न सांगता, पुढच्या दहा लाखांसाठी त्यानं सहा नंबरची चकती दोन नंबरच्या खणात बसवली आणि दोनची सहात. वजन केलं. दोन नंबरची सहाव्या खणात जाऊनही शहाणीच राहिली. सहा नंबरची दुसऱ्याच्या घरात जाऊनही तशीच झिजली. म्हणजे खण निर्दोष होता. चकत्या त्यानं मुकाट्यानं परत आपापल्या जागी बसवल्या आणि खिशातल्या डायरीत पेन्सिलीनं दोन आकडे लिहून ठेवले. नियमाच्या बाहेरची गोष्ट केली होती, विचारल्यावाचून. रजिस्टरात ती कुठल्या तोंडानं चढवायची? कुणी विचारलं तर सांगू, असं त्यानं ठरवलं. न बोलणाऱ्या माणसाचे सगळे बेत असेच असतात.

विचारलं नव्हतं असंही नाही. गेल्या बुधवारी बैठक होती. सूद साहेब म्हणजे प्रयोगशाळेचे मालक, कंपनीची दोन माणसं, आणि प्राची. प्राची नाशिकची, तिशीची, हुशार, जीव तोडून काम करणारी. अहवाल तिच्या सहीनं जायचा होता आणि तिची ती पहिलीच मोठी सही होती. टेबलावर पिन्नीचा, म्हणजे इकडच्या कणकेच्या लाडवांचा, डबा उघडलेला होता. सहा नंबर सरासरीतून वगळायचा, असं ठरत आलं होतं, आणि ती सगळ्यांदेखत त्याच्याकडं वळून म्हणाली की काका, खणाचाच दोष होता ना. चार चेहरे त्याच्याकडं बघत होते. एकही उतरलेला नव्हता. त्याच्या खिशात डायरी होती, बोट लावलं असतं तर लागली असती. आणि त्याची मान, एक कोटी वेळा हललेल्या त्या सहा मानांच्या संगतीत राहिलेली त्याची मान, आपली आपण खाली गेली आणि वर आली. सूद साहेबांनी पिन्नी पुढं केली. तीही त्यानं घेतली.

उन्हानं डोळे जड झाले. गच्ची जराशी सरकली, पलीकडच्या टेकड्या जवळ आल्या आणि त्यांचा रंग झुलीसारखा ठिगळाठिगळांचा झाला. तो खाटेवर नव्हता, सहाव्या खणात उभा होता, गुडघ्यापर्यंत कोमट पिवळ्या पाण्यात, आणि त्याच्या कपाळावर कवड्यांची पट्टी होती. समोर माणसांची रांग लागली होती, चौतीस सेक्टरची पोरं, मोहालीची माणसं, सगळ्यांच्या माना वाकलेल्या. एकेक जण पुढं यायचा, गरम हात त्याच्या कपाळावर ठेवायचा आणि विचारायचा, ठीक आहे ना? कुठूनतरी गुबुगुबु वाजायचं आणि त्याची मान हलायची. त्याला थांबायचं होतं. मानेला तो विनवत होता, पण ती त्याची नव्हतीच, ती वाजवणाऱ्याची होती. रांगेत शेवटी आठ वर्षांचं एक पोर उभं होतं, मोरपंखी पगडी बांधून, ती त्याच्या कपाळावरून घसरत होती. पोरानं हात उचलला.

"अहो, किती कण्हताय," विमल म्हणाली. वाटाण्याची टोपली तिनं बाजूला ठेवली होती. तो उठून बसला आणि त्यानं तिला सगळं सांगितलं, लग्नानंतर इतकं सलग तो पहिल्यांदाच बोलला असेल. सहा नंबर, डायरी, पिन्नी, हरमीत, सगळं. विमल ऐकत राहिली. मग व्यवहाराचं बोलली, जसं ती नेहमी बोलते. तुम्ही सांधून घ्या म्हणावं डॉक्टरांना, हलणारी नको. त्यांना कारण सांगायला कशाला हवं. तुमची मान तर सुटंल. त्याला ते पटलं, म्हणजे क्षणभर इतकं पटलं की अंगातून वारं गेल्यासारखं हलकं वाटलं. कुणाचा चेहरा उतरणार नव्हता. अहवाल जाईल, प्राचीची सही होईल, आणि आपण ताठ मानेनं घरी येऊ. ताठ मानेनं म्हणजे सांधलेल्या. विमल त्याच्याकडं बघत होती आणि तिच्याही मनात काहीतरी फिरलं असावं, कारण थोड्या वेळानं ती टोपली पुन्हा मांडीवर घेत हळूच म्हणाली, "आणि त्या पोराचं लगीन कधी म्हणालात?"

सोमवारी तो नेहमीपेक्षा अर्धा तास आधी गेला. जुनी तुकडी उतरून यंत्रावर दुसऱ्या कंपनीची नवी चढली होती. यंत्राला उसंत म्हणून द्यायचे नाहीत आता. सहा नव्या माना मुकाट्यानं पुढं जात होत्या, मागं येत होत्या, बाजूचा आकडा चार लाखांवर होता. तो त्यांच्यापुढं उभा राहिला आणि पहिल्यांदाच त्याला त्यांची कीव आली. विचारलं न विचारलं तरी हो. प्राची आली, कोट काढला, हीटर लावला आणि अहवालाचे कागद टेबलावर पसरले. शेवटच्या पानावर एक ओळ रिकामी ठेवली होती, सहावी चकती का वगळली त्या कारणाची. पेनचं टोपण काढून ती सहज म्हणाली, जसं आपण घड्याळात किती वाजले विचारतो तसं, "काका, लिहिते हं. खणाचाच दोष, बरोबर?"

मान निघाली होती. त्याला ती निघालेली कळली, सुरुवातीचा तो हलका झुकाव, उतारावर लागलेल्या चाकासारखा. त्यानं ती धरली. आणि मग, डॉक्टरांनी बजावून मना केलेली गोष्ट त्यानं केली. मान डावीकडं वळवली. वीज खांद्यातून अंगठ्यात गेली, डोळ्यांपुढं पिवळं पाणी आलं. त्यानं ती उजवीकडं वळवली. पुन्हा डावीकडं. प्राची घाबरून उठली, तिला वाटलं काकांना काहीतरी होतंय. टेबलाची कड धरून तो उभा राहिला, आणि दुखणं जरा ओसरल्यावर खिशातली डायरी काढून त्यानं तिच्या कागदांवर ठेवली.

"दोष चकतीचा आहे," तो म्हणाला. "मी जागा बदलून बघितली होती."

प्राचीनं आकडे वाचले. परत वाचले. तिचा चेहरा उतरला, चांगलाच उतरला, आणि चंद्रकांत तो बघत राहिला. मग तिनं विचारलं की बुधवारी का नाही बोललात, सगळ्यांसमोर मी तुम्हाला विचारलं होतं, आणि तिचा आवाज विचित्र झाला होता, रागानं का रडण्यानं ते सांगता येईना. आता सूद साहेब काय म्हणतील, चार महिने पुन्हा, कंपनी दुसरीकडं जाईल, तुमची नोकरीसुद्धा, असं ती बोलत गेली, आणि त्यातलं एकूणएक खरं होतं. शेवटी तिनं पेनला टोपण लावलं. कागद गोळा केले, डायरी वर ठेवली आणि साहेबांच्या खोलीकडं निघाली. दारात थांबून, मागं न बघता, काका, तुम्ही पण या, म्हणाली. येतो, असं तो म्हणाला, तोंडानं.

पण आधी एक काम राहिलं होतं. त्यानं स्टुलावर बसून फोन काढला. डावा अंगठा बधिर होता म्हणून नंबर उजव्यानं शोधला. तीनदा वाजल्यावर हरमीतचा आवाज आला, मागं ऑफिसातली गडबड, आणि चंद्रकांतचं नाव ऐकताच तो आवाज उजळला, शनिवारी डोळे उजळले होते तसाच. "अंकल जी, रिपोर्ट आ गई? सब ठीक है ना?"

चंद्रकांतची मान हलली. आधी खाली, जुन्या वळणानं. मग आडवी, नव्यानं शिकल्यासारखी. समोर यंत्र चालूच होतं. पलीकडं हरमीत वाट बघत होता, "हॅलो? अंकल जी?" म्हणत होता, आणि चंद्रकांतच्या लक्षात आलं की फोनवर मान दिसत नाही.

"नहीं, बेटा," तो म्हणाला. "ठीक नहीं है."